शून्य रुपयांची खोली

हॉटेल सोडायच्या दिवशी सकाळी बिल हातात आलं, तेव्हा आई लॉबीतल्या सोफ्याच्या कडेला बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पोह्याच्या चिवड्याचा रिकामा डबा. तीन रात्री राहिलो होतो. तिची नजर कागदावर होती.

"खोलीचे किती लावले रे?"

"काही नाही."

तिचा विश्वास बसेना. मी कागद तिच्यापुढे धरला. तीन तारखा, तीन ओळी, प्रत्येक ओळीसमोर शून्य. त्याखाली मात्र रकमा होत्या. दोघांचे सकाळचे नाश्ते, एक दुपारचं जेवण, एकदा मागवलेला आल्याचा चहा आणि त्यावरचा कर. सगळं मिळून साडेसात हजारांच्या घरात. आईनं चष्मा वर सरकवून प्रत्येक ओळीवरून बोट फिरवलं. ज्या हॉटेलची एक रात्र पावसाळ्यातही दहा हजारांच्या खाली मिळत नाही, तिथं तिला तीन रात्री नेऊन आणलं होतं आणि खोलीपोटी खिशातून रुपया दिला नव्हता.

निदान त्या कागदावर तरी तसंच दिसत होतं. ते शून्य आलं कुठून, त्यामागे किती आकडे दडले आहेत आणि ते कुणाकुणाच्या खिशातून आले, हे शोधण्यात माझं गेलं वर्ष गेलं. हा लेख त्याचाच आहे.

माझे वडील एसटीत लेखनिक होते. १९८६च्या मे महिन्यात सवलतीच्या पासावर त्यांनी आम्हाला गोव्याला नेलं. मडगावात एका ओळखीच्या घरी उतरलो आणि कोलव्याच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे चालत सुटलो. वाटेत एका मोठ्या हॉटेलची हिरवळ लागली. पांढऱ्या खुर्च्या, छत्र्या, पाणी शिंपडणारी नळी. वडील थांबले. आम्हा भावंडांना म्हणाले, "इथून बघा, आत जायचं नाही." आवाजात कडवटपणा नव्हता. त्यांच्या लेखी ते जग वेगळं होतं, इतकंच. ते आता नाहीत. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आईला एकदा तरी त्या हिरवळीच्या आतल्या बाजूनं समुद्र दाखवायचा, असं माझ्या मनात फार वर्षं होतं.

समुद्रकाठची पंचतारांकित हॉटेलं गोव्यात आली त्याला आता पन्नास वर्षं होऊन गेली. आग्वादचा किल्ला पोर्तुगीजांनी १६१२ साली बांधला आणि त्याच्या तटाला लागून ताजचं फोर्ट आग्वाद उघडलं ते १९७४ साली. १९८३च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल देशांचे प्रमुख दिल्लीतली परिषद मध्येच थांबवून विश्रांतीला तिथं आले आणि गोव्याचा किनारा जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. योगायोग असा की त्याच १९८३ साली तिकडे अमेरिकेत हॉलिडे इन आणि मॅरियट या दोन साखळ्यांनी नेहमीच्या गिऱ्हाइकांना पॉइंट्स द्यायला सुरुवात केली. त्याआधी दोन वर्षं अमेरिकन एअरलाइन्सनं विमानप्रवासाच्या मैलांचा हिशेब ठेवायला घेतला होता, हॉटेलवाल्यांनी तोच धडा गिरवला. जो पुन्हा येईल त्याला काहीतरी परत द्यायचं. आपल्याकडचा किराणा दुकानदार जुन्या गिऱ्हाइकाच्या पुडीत मूठभर शेंगदाणे जास्त टाकतो, तसंच हे.

पुढे यात बँक शिरली आणि गणित पार बदललं. आता हॉटेलात एकदाही पाय न ठेवता हॉटेलचे पॉइंट्स जमू लागले. भाजी, औषधं, मुलांची फी, विम्याचा हप्ता असा कार्डावरून गेलेला प्रत्येक रुपया समुद्रकाठच्या खोलीकडे एक पाऊल टाकू लागला. अमेरिकेत हे कित्येक वर्षांपासून चालू आहे. एडिसनला राहणारा माझा मामेभाऊ दर दोन-तीन वर्षांनी एखादं नवं हॉटेल कार्ड घेतो आणि ते घेतल्याबद्दल मिळणाऱ्या पॉइंट्सवर आई-वडिलांना चार दिवस गोव्याला पाठवतो. "तिकडून पैसे पाठवले तर बाबा बँकेत ठेवून देतात. खोलीच बुक करून टाकली की मग जावंच लागतं," असं तो म्हणतो.

भारतात मात्र हे दार उशिरा उघडलं. ऑगस्ट २०२३मध्ये एचडीएफसी बँक आणि मॅरियट यांनी मिळून डायनर्स क्लबच्या जाळ्यावर एक कार्ड आणलं. हॉटेल साखळीबरोबरचं हे देशातलं पहिलंच कार्ड, असं त्यांनी तेव्हा जाहीर केलं होतं. त्यावेळच्या अटी मी वहीत उतरवून घेतल्या होत्या. वर्षाची फी ३,००० रुपये आणि त्यावर कर, म्हणजे ३,५४०. साखळीच्या हॉटेलांत खर्च केला तर दर १५० रुपयांना ८ पॉइंट्स. प्रवास, बाहेरचं जेवण, करमणूक यांवर ४. बाकी सगळ्या खर्चावर २. कार्ड घेतल्यावर एक फ्री नाइट, दरवर्षी फी भरून कार्ड चालू ठेवलं की आणखी एक. ही फ्री नाइट १५,००० पॉइंट्सपर्यंतच्या खोलीसाठी चालते. शिवाय वर्षात ६ लाखांचा खर्च झाला की एक, ९ लाखांवर दुसरी आणि १५ लाखांवर तिसरी.

आमच्यासारख्या घरात याचा अर्थ काय, ते मांडून बघू. महिन्याला ५० हजारांचा घरखर्च कार्डावरून गेला तर वर्षाला ६ लाख होतात. तो सगळा 'बाकी' या खात्यात पडला असं धरलं तर ८,००० पॉइंट्स जमतात. त्याखेरीज ६ लाखांच्या टप्प्याची एक फ्री नाइट आणि नूतनीकरणाची एक. थोडक्यात दोन रात्री, ८,००० पॉइंट्स आणि खर्च ३,५४० रुपये. हाच खर्च दीड टक्का रोख परत देणाऱ्या साध्या कार्डावर केला असता तर ९,००० रुपये सरळ खात्यात आले असते. तेव्हा खरी तुलना फुकट आणि विकत यांच्यात करून भागत नाही, ती नऊ हजार रोख आणि दोन रात्री यांच्यात करावी लागते. खोली १०,००० रुपयांची असेल तर तिच्यावर १८ टक्के कर धरून ११,८०० होतात. (७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५पासून ५ टक्क्यांवर आला, त्यावरच्या खोल्यांना मात्र १८ टक्केच आहे.) अशा दोन रात्री मिळाल्या तर कार्ड पुढे जातं, आणि बरंच पुढे जातं. पण त्या खरोखर वापरल्या तरच. शिवाय त्या ६ लाखांत घरभाडं, पेट्रोल, वॉलेटमध्ये भरलेली रक्कम असले खर्च बहुतेक बँका मोजतच नाहीत. ते वगळून ६ लाख होतात का, हे ज्यानं त्यानं आपल्या घराच्या वहीत बघावं.

पॉइंट्सची किंमत काढायची माझी रीत अगदी साधी आहे. ज्या रात्री जायचं त्या रात्रीचं खोलीचं भाडं करासकट बघायचं आणि तितक्याच खोलीला किती पॉइंट्स मागतात त्यानं भागायचं. उदाहरणादाखल, खोली १२,००० आणि कर मिळून १४,१६० रुपये, आणि पॉइंट्स २०,०००. म्हणजे एका पॉइंटचे जवळजवळ ७१ पैसे पडले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीच खोली ३०,००० झाली, करासकट ३५,४००, आणि पॉइंट्स मागितले ६०,०००, तर एका पॉइंटचे ५९ पैसे. भाडं अडीच पट वाढलं, पण पॉइंट्स तिप्पट गेले. मी ६० पैशांच्या खाली पॉइंट्स मोडत नाही, त्यापेक्षा रोखीनं जातो किंवा जातच नाही.

हे असं घडतं त्यालाही इतिहास आहे. पूर्वी प्रत्येक हॉटेलचा वर्ग ठरलेला असे आणि वर्गाप्रमाणे पॉइंट्सही ठरलेले असत. २०१६ साली मॅरियटनं स्टारवुड ही साखळी घेतली, दोन्हींचे कार्यक्रम एकत्र झाले आणि २०१९च्या फेब्रुवारीत त्याला बॉनव्हॉय हे नाव मिळालं. मार्च २०२२मध्ये ठरलेल्या पॉइंट्सचा तक्ता गेला आणि मागणीप्रमाणे आकडा रोज बदलू लागला. जमवलेले पॉइंट्स आपल्या खात्यात असतात, त्यांची किंमत मात्र दुसऱ्याच्या हातात असते. बँकेतल्या ठेवीवर व्याज चढतं, इथं ठेव जितकी जुनी तितकी ती विरघळत जाते. त्यामुळे पॉइंट्स साठवून म्हातारपणी खर्च करू, असं कुणी म्हणालं की मला काळजी वाटते. २४ महिने खात्यात काही हालचालच झाली नाही तर ते सगळे मावळतातही.

टाटांचं गणित याच्या उलट आहे. २०२२ साली आलेल्या टाटा न्यू कार्डावर मिळणाऱ्या न्यूकॉइनची किंमत ठरलेली, एक कॉइन म्हणजे एक रुपया. ताजच्या खोलीचं बिल त्यातून भागवता येतं. डिसेंबर असो की जुलै, रुपया तो रुपयाच. त्यात थरार नाही, पण फसगतही नाही. आमच्या शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकांना मी तेच सुचवलं. रोज आकडे बघत बसायची त्यांना हौस नाही, आणि नसली तर काही बिघडत नाही.

आता त्या शून्याकडे परत येतो.

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदारांकडे मी वीस वर्षं सामान भरतो. एका संध्याकाळी मी कार्ड पुढे केलं तर ते म्हणाले, "साहेब, क्यूआर करा ना. यात माझे कापले जातात." मी त्यांना विचारलं, किती? त्यांनी मशीनवाल्या कंपनीचा हिशेब दाखवला. क्रेडिट कार्डानं आलेल्या शंभर रुपयांतले दोनच्या आसपास त्यांच्या हाती पडत नव्हते. यूपीआयवर हा आकार जानेवारी २०२०पासून शून्य आहे. कार्डावर तो कापला जातो, त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि बँक त्यातूनच हॉटेल साखळीकडून पॉइंट्स विकत घेते. हो, पॉइंट्स चक्क विकले जातात, घाऊक भावात. मी ज्या हिरवळीवर आईला बसवणार होतो, तिच्या गवताची एक-दोन पाती माझ्या वाण्याच्या गल्ल्यातून आली होती. 'आयजीच्या जिवावर बायजी उदार' ही म्हण आईच्या तोंडी कायम असते. त्या दिवशी ती मला लागू पडली. तेव्हापासून लहान दुकानात मी कार्ड काढत नाही. विम्याचा हप्ता, मोठं दुकान, रुग्णालय, विमानाचं तिकीट यांवरच कार्ड चालवतो. त्यानं ६ लाखांचा टप्पा चुकतो. चुकू दे. आईबरोबरच्या त्या तीन रात्रींत खर्चाच्या टप्प्याची एकही नव्हती. एक आदल्या नूतनीकरणाची फ्री नाइट, आणि बाकी दोन साठलेल्या पॉइंट्सवर.

दुसरा हिस्सा येतो तो त्याहून दुःखाच्या जागेतून. कार्डाचं बिल पूर्ण न भरणाऱ्यांच्या व्याजातून. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. त्यामुळे आता बिलावरच्या 'मिनिमम ड्यू' (भरायची किमान रक्कम) या दोन शब्दांपासून आपणच आपल्याला सांभाळायचं आहे. ५०,००० रुपये थकले आणि व्याज महिना ३.६ टक्के असेल, तर एका महिन्याचे १,८०० रुपये आणि त्यावर १८ टक्के कराचे ३२४, असे २,१२४ होतात. पाच महिने असेच गेले तर दहा हजारांच्या वर. म्हणजे एक आख्खी रात्र उलट्या दिशेनं विकली गेली. आणि एकदा बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत, खरेदी केल्या तारखेपासून व्याज सुरू होतं. बँकेच्या कॉल सेंटरवर काम केलेला एक मुलगा मला म्हणाला, की पॉइंट्स कधी जमा होणार असं विचारणाऱ्यांत मिनिमम ड्यू भरणारेही बरेच असत. त्यांचा आवाज त्याला अजून आठवतो. ज्याच्या बिलात एकदाही बाकी राहिली आहे, त्यानं आधी ती फेडावी आणि मगच समुद्राचा विचार करावा, असं मी अगदी मनापासून सांगतो.

रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२२मध्ये घालून दिलेले नियम हाताशी असलेले बरे. न मागता कार्ड माथी मारता येत नाही. बाकी शून्य असताना कार्ड बंद करायला सांगितलं की सात कामकाजी दिवसांत ते बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये बँकेनं ग्राहकाला द्यायचे. मुदत उलटून तीन दिवस झाल्याशिवाय बिल थकीत म्हणून नोंदवून दंड लावता येत नाही. आपल्यापैकी कितीतरी जण फी नको म्हणून कार्ड नुसतं कपाटात टाकतात आणि वर्षानं फी लागली की हळहळतात.

माझीही एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी मिळालेली फ्री नाइट मी जपून ठेवली होती. मुदत संपायच्या चार दिवस आधी पुढच्या महिन्यातली तारीख बुक करायला बसलो. खोली उपलब्ध होती, पण व्यवहार पुढे सरकेना. फोनवर तासभर गेल्यावर कळलं की मुदतीच्या आत बुकिंग केलं म्हणून पुरत नाही, राहून झालेलं असावं लागतं. पलीकडची मुलगी सौजन्यानं बोलत होती, पण तिच्याही हातात काही नव्हतं. ती रात्र गेली. त्याच महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून मी जाणं पुढे ढकललं होतं, एवढंच कारण. त्या दिवसापासून फ्री नाइट खात्यात आली की त्याच आठवड्यात मी कॅलेंडर उघडतो. रद्द करायची सोय बहुतेक ठिकाणी असते, मुदत वाढवायची नसते.

आणि फुकटाच्या खोलीभोवतीचा खर्च. तो सगळ्यात जास्त बोचतो मालदीवला. तिकडे पॉइंट्सवर खोली मिळाल्याच्या आनंदात गेलेली जोडपी मला भेटली आहेत. एका बेटावर एकच रिसॉर्ट, म्हणून जेवण त्यांच्याकडेच. मालेहून बेटावर जायला स्पीडबोट नाहीतर सी-प्लेन, त्याचे माणशी डॉलर मोजायचे, आणि सी-प्लेन अंधार पडल्यावर उडत नाही. तेव्हा संध्याकाळच्या विमानानं पोचलात तर एक रात्र मालेजवळ विकतची. त्यात रिसॉर्टमधला हरित कर १ जानेवारी २०२५पासून माणशी रोज ६ डॉलरवरून १२ डॉलर झाला आहे. दोघांचे पाच रात्रींचे १२० डॉलर, खोली पॉइंट्सवर असली तरी. अमेरिकेत, विशेषतः हवाईमध्ये, 'रिसॉर्ट फी' नावाचा वेगळा आकार असतो. हिल्टन आणि हयात पॉइंट्सवर राहणाऱ्यांना तो माफ करतात, मॅरियटच्या कित्येक रिसॉर्टमध्ये तो द्यावा लागतो. मामेभावाला हे पहिल्यांदा कळलं ते वायकिकीच्या काउंटरवर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही.

म्हणूनच मला गोवा बरा वाटतो, आणि त्यातही पावसाळी गोवा. पुण्याहून रात्री बसलं की सकाळी पोचतो. आईची भाषा तिथं चालते. मिरामार, वागातोर, हणजुण, कळंगुट, कोलवा, बाणावली, आरोशी, मोबोर अशी किनारपट्टीभर मॅरियटची लहानमोठी हॉटेलं आहेत, आणि जूनपासून पॉइंट्सचा आकडा खाली येतो. मेअखेरीला शॅक उतरवलेले असतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, किनारा मोकळा होतो. पोहायला पाण्यात उतरता येत नाही हे खरं. जीवरक्षक लाल झेंडे लावून उभे असतात आणि ते ऐकावंच. पण आईला पोहायचं नव्हतं, तिला बघायचं होतं.

एका गोष्टीची मात्र खंत वाटते. हे सगळं माझ्या स्वतःच्या कोकणात करता येत नाही. तारकर्ली, वेळणेश्वर, गणपतीपुळे, हरिहरेश्वर इथं एमटीडीसीची निवासस्थानं आहेत, काहींच्या जागा तर कुठल्याही पंचतारांकित हॉटेलनं हेवा करावा अशा. पण तिथं वर्षानुवर्षं येणाऱ्या कुटुंबाला पाचव्या वेळी एक रात्र मोफत, एवढी साधी योजनाही दिसत नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला. शिरोडा-वेळागरला ताजचं हॉटेल येणार, ही बातमी नव्वदच्या दशकापासून वाचतो आहे. तिथल्या जमिनीचा वाद, गावकऱ्यांच्या मागण्या हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण मधल्या काळात वेंगुर्ल्याची मुलं काम शोधत पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्याकडे जात राहिली.

त्यातलाच एक आम्हाला नाश्त्याच्या वेळी भेटला. आईनं त्याच्याशी मालवणीत बोलायला सुरुवात केली आणि त्याचा चेहराच बदलला. सहा वर्षं या हॉटेलात, सुट्टीत घरी, शिमग्याला हमखास. मी त्याला विचारलं, पॉइंट्सवर येणारे पाहुणे ओळखू येतात का. तो म्हणाला, "कोण पॉइंटवर इलो नि कोण पैशे भरून इलो, आमका काय म्हायत? पावणो तो पावणो." मग थोडं थांबून, जरा हळू आवाजात त्यानं मला मराठीत सांगितलं की पॉइंट्सवर आलेले लोक जेवायला बहुतेक बाहेर जातात, त्यामुळे टिप कमी. तक्रार म्हणून तो बोलत नव्हता, मी विचारलं म्हणून सांगत होता. आत काय चालतं हे नंतर हॉटेलधंद्यात मुरलेल्या एका गृहस्थांनी मला समजावलं. पॉइंट्सवर दिलेल्या खोलीबद्दल साखळी त्या हॉटेलच्या मालकाला थोडकीच रक्कम देते, कारण ती खोली तशीही रिकामी राहिली असती. हॉटेल जवळजवळ भरलेलं असेल तेव्हाच बाजारभावाच्या आसपास पैसे मिळतात. पावसाळ्यात आम्ही घेतलेली खोली हॉटेलच्या दृष्टीनं म्हणजे चादरी धुण्याचा आणि विजेचा खर्च निघाला तरी पुष्कळ. मग त्या मुलाच्या टिपेची जागा कुठल्याच हिशेबात नाही. त्या दिवसापासून मी एक नियम केला. खोलीचं जे भाडं वाचलं, त्यातला काही भाग ज्यांनी चहा आणला, खोली आवरली, सामान उचललं त्यांच्या हातात रोख द्यायचा. बिलातल्या साडेसात हजारांत तो धरलेला नाही.

पहिल्या संध्याकाळी आईला मी हिरवळीवरच्या खुर्चीत बसवलं. पाऊस थांबला होता. खुर्च्या पांढऱ्या नव्हत्या, वेताच्या होत्या. समुद्र गढूळ, तांबूस, लाटा एकावर एक. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्यांना हे आवडलं असतं. पण बसले नसते. फिरत राहिले असते." रात्री तिला झोप लागली नाही, गादी फार मऊ होती. मी खाली चादर अंथरून दिली आणि मग ती शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलचं किनाऱ्याकडचं फाटक बंद होतं. वारा फार होता, सुरक्षारक्षकानं हात जोडून नकार दिला. आईला लाटा जवळून बघायच्या होत्या. मी विचारलं, दुसरी वाट? त्यानं कुंपणाच्या बाहेरून बोट दाखवलं. भिंतीला लागून एक चिखलाची पाऊलवाट माडांमधून थेट वाळूवर उतरत होती. गावाची वाट. अशा वाटा गोव्यात जपल्या गेल्या त्यामागे माणसं आहेत. दोना पावलाजवळच्या वायंगिणीच्या किनाऱ्यावर जाण्याचा जुना रस्ता एका हॉटेलच्या बांधकामात अडला, तेव्हा लोक न्यायालयात गेले आणि जानेवारी २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं किनाऱ्याकडे जाण्याचा लोकांचा हक्क मान्य केला. आमच्या हॉटेलच्या भिंतीलगतची वाटही अशीच कुणीतरी धरून ठेवलेली असणार.

मी आईचा हात धरला. तिनं साडी थोडी वर खोचली, चपला माझ्या हातात दिल्या. वाट निसरडी होती. वाळूवर पोचलो तर लाल झेंड्याजवळ एक बाई उभी होती, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, हातात टोपली. मुळ्यांच्या किंवा तिसऱ्यांच्या शोधात आली असावी. आईनं तिला विचारलं, काही मिळालं का. तिनं टोपली पुढे करून दाखवली. ती कोंकणीत, आई मालवणीत. नातवंडं किती, पाऊस यंदा कसा, कुठल्या गावची. मी जरा मागे राहिलो. त्या ठिकाणाहून डावीकडे हॉटेलची हिरवळ दिसत होती, वेताच्या खुर्च्या दिसत होत्या, आणि वर दुसऱ्या मजल्यावर आमच्या खोलीच्या बाल्कनीत आईनं वाळत घातलेला टॉवेल वाऱ्यानं फडफडत होता.